सोनसर्पाची शिदोरी

साप सांभाळणं म्हणजे काय असतं असं मला कुणी विचारलं, की मी आधी पालींबद्दल बोलायला लागते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला फणा, विष, बदला घेणारी नागीण असलं काहीतरी हवं असतं. पण अकरा वर्षं सापांच्या खोलीत काढल्यावर मी एवढंच शिकले, की साप सांभाळणं म्हणजे त्याच्या जेवणाची पंचाईत सांभाळणं. आणि माझ्या हातून जी मोठी चूक झाली, ती जेवणातच झाली.

दौलताबादच्या रस्त्याला, किल्ला समोर दिसायला लागतो त्याच्या बराच अलीकडं, जखमी प्राण्यांचं एक लहानसं केंद्र होतं. पाच खोल्या, पक्ष्यांसाठी जाळीचा एक उंच पिंजरा, मागं एक कडुलिंब. वनखात्याच्या परवानगीनं चालायचं आणि चार भल्या माणसांच्या देणगीवर. तिथली सापांची खोली माझ्याकडं होती. आमच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सून सरकारी कामाला जाते. सून सापाला आंघोळ घालते हे सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

आमच्याकडं येणारे साप साधे असायचे. विहिरीत पडलेली धामण, नांगराखाली आलेली घोणस, जाळ्यात अडकलेला नाग. मका-कापसाच्या मुलखात जे असायचं तेच. म्हणून त्या मार्चमध्ये, पाडव्याच्या चार दिवस आधी, रिक्षातून एक म्हातारा हमाल उतरला आणि त्यानं माझ्यासमोर एक पोतं ठेवलं, तेव्हा मी जागची उठलेही नाही. 'धामण असेल, ठेवा तिथं,' असं म्हटलं.

"धामन नाय ताई," तो म्हणाला. "म्याच मारलं, आन म्याच आनलं. आता तुमी बघा."

पांढरी दाढी, खांद्यावर चौकडीचा रुमाल, तळहात लाकडाच्या फळीसारखे. औरंगपुऱ्यातल्या नारळाच्या गोदामात तीस-पस्तीस वर्षं पोती उतरवणारा माणूस. घर सिल्लोडकडं, इथं गोदामाच्याच माळ्यावर मुक्काम. बाजारात सगळे त्यांना मामू म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सावंतवाडीच्या पुढून नारळाचा ट्रक आला होता. पोती उतरवताना त्यातून हा निघाला आणि भिंतीच्या कोपऱ्यातून सरळ वर चढायला लागला. लोक ओरडले. मामूंच्या हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा होता, तो त्यांनी मारला. साप खाली पडला.

"खाली पडल्यावर बघितलं तर अंगावर फुलं व्हती, ताई. लाल फुलं. फुलं असलेल्याला कोन मारतंय?"

मी पोत्याचं तोंड सोडलं आणि उठून उभी राहिले. पुस्तकातच बघितलेला उडता सोनसर्प होता तो. हातभराहून लांब, चाबकासारखा सडपातळ, काळ्या अंगावर पिवळट-हिरव्या ठिपक्यांची नक्षी आणि पाठीवरून खाली गेलेली लाल फुलांची माळ. मोठाले डोळे. आमच्या मुलखात हा राहत नाही. दमट रानांत आणि माडांच्या बागांत राहणारा प्राणी, नारळात झोपून इतक्या लांब आला होता. मी कौतुकानं हात पुढं केला आणि त्यानं मला कडकडून चावून माझं स्वागत केलं. मामूंचा जीव वरखाली झाला. मी त्यांना सांगितलं, याचं विष सौम्य असतं, दात मागं असतात, ते पालींसाठी, माणसाला काही होत नाही. रक्त पुसत मी हे सांगत होते, त्यामुळं त्यांना ते फारसं पटलं नाही.

जखम डाव्या अंगाला होती. कातडी फाटली होती आणि दोन-तीन बरगड्या मोडल्या होत्या. आमचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी केसाएवढ्या दोऱ्यानं टाके घातले. जगेल का, असं मामूंनी विचारलं. "जगेल बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "उडेल का ते मला विचारू नका."

हा साप उडतो म्हणजे पंख मारत नाही. उंच फांदीच्या टोकाला जातो, अंगाचा आकडा करून स्वतःला हवेत झोकून देतो आणि त्याच क्षणी सगळ्या बरगड्या बाजूला पसरतो. पोट आत घेतो. गोल असलेलं अंग पट्टीसारखं चपटं होतं, खालून पन्हळीसारखं खोलगट, आणि हवेत नागमोडी पोहत तो तिरका खाली पलीकडच्या झाडावर उतरतो. म्हणजे त्याचं सगळं उडणं बरगड्यांत. आकडा नेमका तिथं बसला होता. हे मी मामूंना समजावून सांगितलं. सांगायला नको होतं. ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडं बघत राहिले.

"उडंल तवा सांगा," म्हणाले आणि गेले.

एप्रिल लागला. कोकणातल्या पाहुण्याला मराठवाड्याचा उन्हाळा सोसवायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बाहेर वारा भट्टीतून आल्यासारखा, आणि याला पावसाळी रानाचा ओलावा हवा. उंच पेटीत फांद्या बांधल्या, वेल सोडले, कूलर लावला, आणि पेटीच्या तिन्ही बाजूंना ओली पोती. ती पोती मामू पुरवायचे. तरी साप सुकत चालला. पाण्यानं भरलेलं वाडगं शेजारी आणि हा तहानेनं मरणार असं दिसायला लागलं. मला काही सुचेना. मग एके दिवशी पोत्यावर पाणी मारताना थोडं पानांवर उडालं आणि हा फांदीवरून वाकून एकेक थेंब टिपायला लागला. वाडग्यातलं पाणी त्याला पाणी वाटतच नव्हतं. त्याच्या रानात पाणी पानांवर असतं. त्या दिवसापासून मी रोज तीन वेळा पिचकारीनं पेटीत पाऊस पाडायची. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणारं आमचं शहर, आणि मी सापाला पाऊस पाडते म्हणून केंद्राच्या चौकीदारानं मला दोन्ही हात जोडले होते.

राहिलं जेवण. उंदराच्या पिल्लांकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही. बेडूक त्या दिवसांत कुठून आणायचे? त्याला पालच हवी होती, भिंतीवरची साधी घरपाल. मी माझ्या स्वयंपाकघरातल्या पकडल्या, मग नणंदेकडच्या. नणंदेनं आनंदानं दिल्या, पण पाली काही लोणचं नव्हे, वर्षभर पुरायला. ही अडचण मामूंच्या कानावर गेली. पुढच्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते हजर. हातात लोणच्याची प्लास्टिकची बरणी, झाकणाला तापल्या खिळ्यानं पाडलेली भोकं, आत पाच पाली.

तेव्हापासून दर शुक्रवारी बरणी यायची. औरंगपुऱ्यातल्या कापडदुकानात, पुस्तकांच्या दुकानात, मिठाईवाल्याच्या मागच्या खोलीत मामू रुमाल घेऊन पाली धरत फिरायचे. लोक चेष्टा करायचे. मामू म्हणायचे, "हौ, करा. माझा मेहमान उपाशी हाय." मला येऊन कोणत्या दुकानातली पाल किती चलाख हे सांगायचे. मिठाईवाल्याच्या पाली सुस्त असतात, कापडवाल्याच्या चपळ, असं त्यांचं मत होतं.

पण माझा एक नियम होता. बाहेरून आलेली पाल मी लगेच सापाला देत नसे. आठ दिवस वेगळ्या काचपेटीत ठेवायची, किडे खायला घालायचे, धडधाकट राहिली तरच सापापुढं सोडायची. कुठल्या घरातून, कसला आजार, कसलं विष घेऊन आली आहे कुणाला ठाऊक? मामू हसायचे. "पालीला बी कोरंटाईन!" मी मात्र या बाबतीत कडक होते. जरा जास्तच कडक, असं डॉक्टर म्हणायचे. माझा स्वभावच तसा. घरी दूध उतू गेलं तरी मी कारण शोधून काढते.

साप पाल कशी धरतो ते बघायला मामू नेहमी थांबायचे. हा दिवसा जागणारा साप, त्यामुळं सगळं उजेडात दिसायचं. तो आधी निश्चल व्हायचा, मग डोकं डावी-उजवीकडं हलकं झुलवायचा, अंतर मोजल्यासारखं, आणि मग झेप. पालीची मान धरून चावत राहायचा, ती शांत होईपर्यंत. मामू पालीसाठी काहीतरी पुटपुटायचे, आणि सापासाठी 'खा बाबा, खा' म्हणायचे. दोघांची बाजू एकाच वेळी घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

मे महिन्यात त्यानं कात टाकली. कोरड्या हवेनं ती जखमेवर अडकून बसली, मी अर्धा दिवस ओल्या कापसानं सोडवली. तोपर्यंत त्यानं मला एकवीस वेळा चावून झालं होतं, मी मोजत होते. बाविसाव्यांदा चावला नाही. माणसाळला असं मी म्हणणार नाही, असले साप माणसाळत नाहीत. कंटाळला असेल. पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याला परत पाठवायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. वनखात्याचं पत्र, आणि तो उडू शकतो याची खात्री. रानात उडता येत नसेल तर हा साप फार दिवस टिकत नाही. पत्रासाठी मी अर्ज केला. कार्यालयातले एक साहेब उंटावरून शेळ्या हाकावं तसं फोनवरून मला साप कसा ठेवायचा ते शिकवायचे, पत्र मात्र पाठवायचे नाहीत. उडण्याची खात्री आम्हीच करायची होती.

ऑगस्टमध्ये घारी नव्हत्या तेव्हा त्यांचा उंच पिंजरा आम्ही रिकामा केला, खाली गवत पसरलं, बारीक जाळी मारली. साप खांबावरून सरळ वर गेला. त्याच्या पोटाच्या खवल्यांना कडेला धार असते, ती खरबरीत सालीत अडकते, म्हणून उभ्या खोडावर तो जिना चढावा तसा चढतो. वर जाऊन लटकला, आणि पडला. उडाला नाही, पडला. गवतावर धप्प आवाज आला. मामू त्या दिवशी न जेवता गेले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, डावी बाजू उघडत नव्हती. तिसऱ्या शुक्रवारी तो वर बराच वेळ थांबला. मी पाणी आणायला वळले होते. मामूंचा आवाज आला, "ताई!"

मी वळून बघितलं तर तो हवेत होता. पट्टीसारखा चपटा, ऊन लागून लाल फुलं पेटलेली, डावीकडं किंचित कललेला, पण हवेत पोहत पिंजऱ्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत आला आणि जाळीला धरून राहिला. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. मामू खाली बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, आम्ही तसे नव्हतो. चहा आणून दिला.

"आता घरी पोचवा तेला," ते म्हणाले. "वादा करा."

मी वचन दिलं.

पत्र आलं ते पितृपक्ष लागता लागता. तळकोकणात जाणारी वनखात्याची गाडी घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी सकाळी येणार होती. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मामू निरोप द्यायला आले. बरणीत दोन पाली होत्या, दांडग्या.

"आता कशाला आणल्या?" मी म्हटलं. "प्रवासाआधी सापाला खायला घालत नाहीत. गाडीत हलला की ओकतो, त्यात मरूही शकतो. दहा दिवस झाले, काही दिलेलं नाही मी."

मामूंना ते मुळीच पटलं नाही. "दहा दिस उपाशी? आन तसाच गाडीत घालनार? ताई, सफरीला निघालेल्याला खाली पोटी घराबाहेर काढत नाय. दुश्मनाला बी काढत नाय. शिदोरी हाय ही तेची. अजून दोन धरून ठिवल्यात गोदामात, सकाळी आनतो, गाडीवाल्याजवळ द्यायला."

मी हसले. तिकडचं रान पालींनी भरलंय, म्हटलं. पण मनात दुसरंच चाललं होतं. माझी मुलगी पुण्याला शिकायला निघाली त्या सकाळी ती नको नको म्हणत होती, बस लागते मला, म्हणत होती. तरी मी तिच्या हातावर दही घातलं आणि दोन पोळ्या बळेच खायला लावल्या. ती नगरच्या अलीकडं ओकली. पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच केलं. आपल्याकडं माणूस असाच निघतो. जाणाऱ्याच्या पोटात आपल्या घरचं काहीतरी गेलं पाहिजे, त्याशिवाय हात सुटत नाही.

"एकच," मी म्हटलं. "छोटी असेल ती."

छोटी कुठली? दोन्ही सारख्याच. माझी काचपेटी रिकामी होती, कारण साप जाणार म्हणून मी पाली ठेवणं थांबवलं होतं. म्हणजे आठ दिवसांचा नियम मोडणार होता, आणि प्रवासाचाही. दोन्ही नियम मीच केलेले. बरणीचं झाकण उघडताना मामू म्हणाले, "आज लई सोप्या घावल्या, ताई. गोदामातल्याच हायत. पळाल्याच न्हाईत. भिंतीवरून फुलं तोडावी तशा काढल्या."

हे मी ऐकलं. ऐकून म्हटलं, "त्यांनाही कळलं असेल, पाहुणा निघाला."

न पळणारी पाल आजारी पाल असते. हे मी नव्या मुलांना शिकवायची.

सापानं पहिली पाल झटक्यात धरली. भूक होतीच. त्याची ती घाई बघून मी दुसरीही दिली. मामू खूष झाले. रिकामी बरणी टेबलावर ठेवून, सकाळी येतो म्हणून गेले.

चार वाजता मी पिचकारी घेऊन गेले तर साप पेटीच्या तळाशी होता. उभ्या भिंतीवर चढणारा हा साप, फांदीवरून घसरून पडला होता. डोकं थरथरत होतं, तोंड उघडं. मी उचलला तर अंगाला पीळ नव्हता. डॉक्टर त्या दिवशी सिल्लोडला जनावरांच्या शिबिराला गेले होते. त्यांनी फोनवर सांगितलं ते इंजेक्शन मी थेंबाथेंबानं दिलं. त्यानं एक पाल ओकली. तिला वास येत होता, झुरळांसाठी फवारतात त्या औषधाचा. मी गोदामाच्या मालकाला फोन लावला. ते म्हणाले, "हो, बुधवारी सगळ्या गोदामात औषध मारलं. नवरात्राचा माल उतरायचाय ना." पालींनी ती मरणारी झुरळं खाल्ली होती.

दोन तास लागले. त्याला आणि मला. मी त्याला ओल्या कापडावर हातात धरून बसले होते. झटके यायचे, मग थांबायचे, मग पुन्हा यायचे. शेवटी एकदा त्याचं अंग माझ्या तळव्यावर चपटं झालं, उडताना व्हायचं तसं, दोन्ही बाजूंनी सारखं. डावी बाजूसुद्धा पूर्ण उघडली. मग ते तसंच राहिलं. किल्ल्याच्या बाजूला सूर्य उतरत होता. मी ओरडून रडले, चौकीदार धावत आला इतकी.

अहवालात मी सगळं खरं लिहिलं. नियम माझ्याकडून मोडला, असं स्वच्छ लिहून सही केली. गाडी येऊ नये म्हणून फोन केला. सकाळी पंचनामा उरकून त्याला कडुलिंबाखाली पुरायचं ठरलं. हे सगळं मला जमलं. फक्त मामूंना काय सांगायचं ते जमेना. ज्याच्या आकड्यानं साप मोडला, ज्यानं सहा महिने पाली धरून तो जोडला, त्याला मी कसं सांगू, की तुमच्या शिदोरीनं तो मेला? माझा निर्णय झाला. खोटं बोलायचं.

सकाळी मामू वेळेच्या फार आधी आले. चालत आले असावेत, धाप लागली होती. हातात फक्त एक ओलं पोतं होतं. मी फाटकातच त्यांना गाठलं.

"गाडी पहाटेच गेली, मामू. लवकर आली."

ते उभे राहिले. माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतून आत टेबलाकडं, जिथं मी त्यांची बरणी धुऊन पालथी घातली होती.

"गेला?"

"गेला. दुपारपर्यंत पोचेल."

ते ओलं पोतं त्यांनी फाटकाच्या खांबावर वाळत घातलं. "चला," म्हणाले, "सुटला." आणि बरणी घेऊन गेले.

मला वाटलं आता यायचे नाहीत. पण पुढच्या शुक्रवारी आले, बरणीशिवाय. बाकावर बसले, चहा घेतला आणि विचारलं, "काय खबर?"

मी खबर बनवली. तिकडच्या वनरक्षकाचा फोन आला होता, म्हटलं, माडावर दिसला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, "काय खबर?" मग त्याला पोफळीच्या बागेत नेला. मग ओढ्यावरून उडवला. माझी थाप दर आठवड्याला सुधारत गेली. त्याला जोडीदार मिळाल्याचंही मी एकदा सांगितलं, मग स्वतःचीच लाज वाटून आत जाऊन भांडी घासत बसले. मामू ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, कधी जास्त विचारायचे नाहीत. चहा संपला की थोडा वेळ बसून राहायचे, जणू अजून काहीतरी यायचं बाकी आहे. मग उठायचे. मला वाटायचं, चला, म्हातारा सुखात आहे. एका माणसाला तरी वाचवलं.

असं वर्ष गेलं. पुढच्या नवरात्राआधी मामू आले तेव्हा हातात ती बरणी होती. गुडघे गेले होते, पोतं उचलवत नव्हतं, ते कायमचे सिल्लोडला निघाले होते. बरणी त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"ही तुमाला. मला आता काय कामाची?"

मग रुमालानं तोंड पुसून म्हणाले, "ताई, त्या दिशी दोन पाली मागं राहिल्या व्हत्या ना, गोदामात. रातच्याला बघितलं तर दोन्ही मरून पडलेल्या. मला नीज नाय. पहाटंच निघालो, डाक्टरला बोलवा म्हनून सांगायला. पन तुमचं तोंड बघितलं, बरनी धुऊन पालथी घातलेली बघितली, तवाच उमगलं."

त्या सकाळी त्यांच्या हातात पाली नव्हत्या, हे मी वर्षभरात एकदाही ध्यानात घेतलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"तुमी तेला घरी पोचवला व्हता, ताई. माडावर चढवला, वढ्यावरून उडवला. म्या कुठनं परत आनू?" त्यांनी बरणी माझ्याकडं सरकवली. "दर शुक्रवारी वाटायचं, आज ताई सांगतीन. पयलं आकड्यानं मारलं, मग पालीनं. दोन्ही बारीला म्याच. कुनाला बोलनार?"

"नाही मामू. नियम माझा होता, मोडला मी. तुम्हाला काय ठाऊक?"

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांना वाचवायला म्हणून मी खोटं बोलले, आणि त्यापायी ते वर्षभर एकटेच ते ओझं वाहत राहिले. मी निदान सापासाठी रडले तरी होते. त्यांना मी तेही करू दिलं नाही.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना कडुलिंबाखाली नेलं. तिथं खूण अशी काही नव्हती, मी हातानं जागा दाखवली. मामू गुडघा धरत खाली बसले. बरणीत मी पाणी भरून आणलं, त्यांनी ते ओतलं नाही. बोटं बुडवून शिंपडलं, गवताच्या पात्यांवर, थेंब थेंब राहतील असं. एवढंही त्यांच्या लक्षात होतं.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता खरं सांगा. तरास झाला का तेला?"

नाही म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. वर्षभराची सवय होती.

"झाला," मी म्हटलं. "दोन तास. मी हातात धरून होते."

मामूंनी मान हलवली. रुमाल तोंडाला लावला आणि रडले, त्या दिवशी तो उडाला तेव्हा रडले होते तसेच. या खेपेला मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.